फ्री डिशची छत्री घरच्या घरी कशी बसवावी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतरची निदान वीस-पंचवीस वर्षे गच्चीवरचा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना फिरवणे हे घरातल्या एखाद्या थोराड मुलाचे राखीव काम होते. तो वरून "आलं का?" असे ओरडत असे, जिन्यात उभे केलेले धाकटे भावंड तो प्रश्न आत पोहोचवत असे आणि आतून "नाही, मुंग्याच आहेत" हे उत्तर त्याच वाटेने वर जात असे. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारे ते ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. जुना अँटेना अजून गच्चीवर असलाच, तर तो आता कपडे वाळत घालण्याच्या दोरीला आधार देण्यापुरता उरला आहे. हवेतून फुकट येणारा टीव्ही मात्र संपलेला नाही. तो आता उपग्रहावरून येतो, आणि तो पकडण्यासाठी लागते ती खेड्यापाड्यांत सगळे जिला 'छत्री' म्हणतात ती तबकडी.

डीडी फ्री डिश ही प्रसारभारतीची सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही, रिचार्ज नाही; छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा), वायर आणि बॉक्स यांचा एकदाच काय तो खर्च. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या तिच्यावर कायम असतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होत असल्यामुळे त्यांची यादी अधूनमधून बदलते, म्हणून एखाद्या विशिष्ट मालिकेच्या भरवशावर हा खर्च करू नये. छत्री बसवून देणारा चांगला माणूस जवळपास मिळत असेल तर त्याला जरूर बोलवावे. मात्र दर पावसाळ्यात एकदा तरी ती हलते आणि तो माणूस नेमका तेव्हाच मिळत नाही. हे काम स्वतःला येत असलेले बरे.

सामान घेताना

छत्री ६० ते ६५ सेंटिमीटर व्यासाची घेतली की देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात काम भागते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जागा असल्यास ९० सेंटिमीटरची घ्यावी. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि मुसळधार पावसात त्यांची शक्ती वाटेतच बरीच शोषली जाते. नव्वदची छत्री साठच्या छत्रीच्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, त्यामुळे पावसाला पुरून उरण्याइतकी शिल्लक हाताशी राहते. पण मोठी छत्री वाराही तेवढाच जास्त धरते आणि तिची नजर अधिक अरुंद असल्यामुळे ती लावताना हात अधिक सावध लागतो. म्हणजे मोठी छत्री सरसकट चांगली असे नाही.

एलएनबी म्हणजे छत्रीच्या पुढे दांडीच्या टोकाला बसणारा तो लहानसा डबा. तो 'युनिव्हर्सल केयू बँड' या प्रकारचाच मागावा. बॉक्स घेताना तो एमपीईजी-४, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत, चालणारा आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण फक्त एमपीईजी-२ चालणाऱ्या जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. नव्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आधीच असेल तर वेगळ्या बॉक्सशिवायही भागू शकते.

कंजुषी करू नये अशी एकच वस्तू म्हणजे वायर. उपग्रहाकडून आलेला सिग्नल एलएनबी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ इतका खाली उतरवून वायरीत सोडतो. तरीही चांगल्या आरजी-६ वायरीत, वरच्या टोकाच्या फ्रिक्वेन्सीला, शंभर मीटरमागे साधारण ३० डेसिबल, म्हणजे सिग्नलचा हजारावा हिस्सा उरेल, इतकी घट होते. म्हणून वायर आरजी-६ चीच असावी आणि शक्यतो पंचवीस-तीस मीटरच्या आत बसवावी. घरात पूर्वीच्या केबलवाल्याची जुनी बारीक वायर भिंतीतून आलेली असते आणि तीच वापरून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा.

हत्यारांमध्ये १० आणि १३ नंबरचे पाने, भिंतीला भोके पाडायचे ड्रिल, गवंड्याचा ओळंबा किंवा पाणसळ, कंपासपेटीतला कोनमापक, होकायंत्र, पेन्सिल आणि घट्ट बसणारी रबर टेप एवढे पुरते. होकायंत्र मोबाइलमधले चालते. शिवाय खाली टीव्हीसमोर बसायला एक शांत स्वभावाचा माणूस लागतो.

जागा आणि दिशा

या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर थांबलेला असतो. महाराष्ट्र आणि गोवा त्या रेखांशाच्या पश्चिमेला आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे आपल्याला तो आग्नेयेकडे दिसतो. वास्तुशास्त्रात स्वयंपाकघराची म्हणून सांगतात तीच दिशा. पुण्याहून तो उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंचीवर असतो. मुंबईहून हेच आकडे १३१ आणि ५७.५, रत्नागिरीहून १२८.५ आणि ५९.५, कोल्हापूरहून १२९ आणि ६०, पणजीहून १२७ आणि ६१, छत्रपती संभाजीनगरहून १३६ आणि ५९, तर नागपूरहून १४४.५ आणि ६० असे येतात. उंचीचा कोन सगळीकडे साठच्या आसपास राहतो आणि दिशा मात्र पूर्वेकडे जावे तशी दक्षिणेकडे सरकते. आपले गाव यांपैकी ज्या शहराजवळ असेल त्याचे आकडे घ्यावेत. एखाद्या अंशाचा फरक पुढे आपण हाताने काढणारच आहोत.

होकायंत्र वापरताना छत्री, लोखंडी कठडा आणि पाण्याच्या टाकीचे अँगल यांपासून दोन-तीन मीटर दूर उभे राहावे. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे होकायंत्राचा आकडा तसाच वापरता येतो. होकायंत्रावर विश्वास नसेल तर सूर्य आहे. पुणे-मुंबई पट्ट्यात डिसेंबरच्या अखेरीस सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या दिशेला, पण उंचीने त्याच्या निम्म्यावर असतो. त्या वेळी गच्चीवर ओळंबा टांगून त्याच्या दोरीच्या सावलीवर खडूने रेघ ओढली, तर ती रेघ सूर्याकडे वाढवली असता उपग्रहाची दिशा दाखवते. शिवाय त्या वेळी तिथे ऊन पडत असेल, तर त्या दिशेला तुमच्या आणि उपग्रहाच्या मधे काहीही नाही याची खात्री आपोआप होते. मार्चच्या १२ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला अकराच्या जरा आधी तर सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागेच येतो. त्या दिवसांत काही मिनिटे चित्र तुटते. तो बिघाड नसतो, म्हणून त्या वेळी पाना हातात घेऊ नये.

अडथळ्याचा हिशोब सोपा आहे. आग्नेयेला जी भिंत किंवा टाकी असेल, ती छत्रीपेक्षा जितकी उंच, त्याच्या किमान ०.६ पट अंतरावर छत्री असावी. तीन मीटर उंच भिंतीपासून एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, आणि थोडी मोकळीक धरून दोन मीटर. उपग्रह बराच वर असल्यामुळे समोरच्या इमारतीची धास्ती सहसा नसते. अडचण करतात ती झाडे. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी मी एप्रिलमध्ये मोठ्या हौसेने छत्री बसवली, चित्र आरशासारखे आले, आणि जुलैत ते पूर्ण गेले. एलएनबी बदलला, वायर बदलली, तरी काही नाही. शेवटी एका उघडिपीला छत्रीमागे उभे राहून वर पाहिले, तेव्हा समोरचा साग दिसला. एप्रिलमध्ये त्याच्या नुसत्या काटक्या होत्या. आता सुपाएवढी ओली पाने होती. छत्री चार मीटर सरकवली आणि काम झाले. उन्हाळ्यात जागा ठरवताना पावसाळ्यातले झाड डोळ्यांसमोर आणावे.

शेजाऱ्यांच्या छत्र्या पाहून अंदाज घेणे वाईट नाही. सन डायरेक्टची छत्री याच ९३.५ अंश रेखांशाकडे असते, आणि डिश टीव्हीची ९५ अंशांकडे, म्हणजे जवळजवळ त्याच दिशेला. टाटा प्लेची छत्री ८३ अंशांकडे, एअरटेलची १०८.२ अंशांकडे पाहते, म्हणून त्यांचे अनुकरण उपयोगाचे नाही.

खांब

फ्री डिश घेतलेल्या घरी तक्रार आली की मी सर्वांत आधी खांबाला हात लावून पाहतो, आणि निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. ज्या नळीवर छत्री बसते ती सर्व बाजूंनी ओळंब्यात हवी. ती तिरपी असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत राहते आणि मग कितीही वेळ घालवला तरी दोन्ही कोन एकत्र जुळत नाहीत. एका बाजूने पाणसळ लावून समाधान मानू नये. काटकोनात दुसऱ्या बाजूनेही लावावी.

गच्चीच्या स्लॅबला भोके पाडू नयेत. छत्रीचे चार बोल्ट पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छतावर ओलीचे चार डाग होऊन दिसतात आणि सोसायटीच्या सभेत त्यावर बोलणे होते. कठड्याची भिंत विटांची व भक्कम असेल तर तिच्या आतल्या बाजूला अँकर बोल्टने पाया बसवावा. ते शक्य नसेल तर रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या डब्यात नळी ओळंब्यात उभी धरून काँक्रीट भरावे आणि आठवडाभर पाणी मारावे. साठच्या छत्रीला हे वजन आडोशाच्या गच्चीवर पुरते. उघड्या माळावर नाही. पत्र्याच्या घरावर छत्री पत्र्याला कधीच बांधू नये, कारण वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि त्याबरोबर चित्रही. अशा घरी अंगणात नळी पुरलेली बरी. जमिनीजवळची छत्री कमी सिग्नल देते हा समज खोटा आहे. साडेछत्तीस हजार किलोमीटर अंतरापुढे तुमच्या दोन मजल्यांना काही किंमत नाही.

जवळून विजेच्या तारा जात असतील तर नळी आडवी पडली तरी त्यांना टेकणार नाही इतके अंतर हवे. नळीपासून तांब्याची जाड तार घराच्या अर्थिंगपर्यंत न्यावी. कठड्यावर वाकून काम करू नये आणि वाऱ्याच्या दिवशी काम काढूच नये.

वायर जोडताना

हे काम करताना बॉक्सचा प्लग भिंतीतून काढलेला असावा. बॉक्स याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. ते अंगाला लागण्याइतके नसतात, पण मधली तांब्याची तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना टेकल्या तर बॉक्स बंद पडू शकतो. शिवाय काही स्वस्त बॉक्सच्या धातूच्या भागाला ओल्या हाताने स्पर्श केला तर झिणझिण्या येतात.

वायरीचे बाहेरचे काळे आवरण टोकापासून दीड सेंटिमीटर सोलावे. जाळी आवरणावर मागे उलटी दुमडावी. मग आतला पांढरा फेस साधारण एक सेंटिमीटर काढून तांब्याची तार उघडी करावी. ही तार सुरीने खरवडली जाऊ देऊ नये, कारण खाच पडलेली तार पुढे तिथेच तुटते. आता टोक डोळ्याजवळ आणून पाहावे. जाळीचा केसासारखा एक जरी धागा तांब्याच्या तारेकडे वळलेला दिसला तरी तो नखाने ओढून काढावा. दिवसभराचे काम वाया घालवायला तेवढा एक धागा पुरतो. त्यावर एफ कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा जोड, फिरवून बसवला की तार त्याच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावली पाहिजे.

एलएनबीच्या जोडावर रबर टेप खालून वर गुंडाळत न्यावी. कौले खालून वर रचत नेतात त्याच कारणाने, म्हणजे पाणी जोडात न शिरता वरून ओघळून जाते. वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून येणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते आणि भिंतीत उतरत नाही. वायर वळवताना तिला काटकोनात मोडू नये. मुठीएवढा गोल असावा.

दिशा लावणे

बॉक्स चालू करून मेन्यूमध्ये इन्स्टॉलेशन किंवा ॲंटेना सेटिंग या पानावर यावे. उपग्रह म्हणून डीडी फ्री डिश किंवा जीसॅट-१५ निवडावा. जुन्या बॉक्समध्ये इन्सॅट-४बी असे नाव दिसेल, तोही ९३.५ अंशांवरच होता, त्यामुळे दिशा तीच, फक्त आतल्या फ्रिक्वेन्सी जुन्या असू शकतात. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०-१०६००, एलएनबी पॉवर चालू आणि डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडण्याची सोय) बंद, एवढे पाहिले की पुरे.

याच पानावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बहुतेकांची फसगत इथेच होते. स्ट्रेंथची पट्टी एलएनबी जोडताक्षणी चढते, मग छत्री उपग्रहाकडे असो की शेजारच्या भिंतीकडे. त्या पट्टीचा अर्थ एवढाच की वायर धड आहे आणि एलएनबी जिवंत आहे. उपग्रह सापडला की नाही हे फक्त क्वालिटीची पट्टी सांगते, आणि तो सापडेपर्यंत ती शून्यावर किंवा अगदी तळाशी पडून असते. खाली बसलेल्या माणसाला आधीच सांगून ठेवावे की त्याने स्ट्रेंथकडे पाहायचेच नाही. ऐंशी टक्के स्ट्रेंथ पाहून "आलं, आलं!" असा आनंद व्यक्त करणाऱ्या मदतनिसापायी मी एक अख्खा रविवार घालवला आहे. आता मी लहान टीव्हीच वर नेतो, आणि ते शक्य नसेल तेव्हा व्हिडिओ कॉल लावून मोबाइल टीव्हीसमोर टेकवून ठेवतो.

आता उंचीचा कोन. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे एलएनबी तबकडीच्या बरोबर मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असतो आणि छत्रीची खरी नजर तिच्या चेहऱ्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर लागते. म्हणून उपग्रह साठ अंशांवर असला तरी छत्री आकाशाकडे आ वासून बसलेली दिसणार नाही. तिचा चेहरा उभ्या रेषेपासून सुमारे पस्तीस अंशच मागे झुकलेला असेल. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर बहुधा हा हिशोब त्यांत धरलेला असतो आणि सरळ ५९ किंवा ६० वर काटा ठेवायचा असतो. खुणा नसतील तर तबकडीच्या वरच्या आणि खालच्या कडांवर एक सरळ काठी टेकवावी, तिला कोनमापक धरून त्याच्या मध्यातून बारीक ओळंबा सोडावा आणि काठी उभ्या दोरीशी पस्तीस अंशांचा कोन करीपर्यंत छत्री झुकवावी. हा बोल्ट हाताने हलणार नाही, पण पान्याने हलेल इतपत आवळून ठेवावा.

मग नळीभोवतीचे बोल्ट किंचित सैल करून छत्री होकायंत्राने काढलेल्या दिशेच्या वीस अंश पूर्वेला न्यावी आणि तिथून दक्षिणेकडे फिरवत यावे. इथे घाई करून चालत नाही, आणि त्याचे कारण मोजता येते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. छत्रीची कड पाच मिलिमीटर सरकली की एक अंश होतो. म्हणजे कड जराशी हलली की उपग्रह नजरेत येऊन निघूनही गेलेला असतो. बॉक्सला सिग्नल ओळखायला एक-दोन सेकंद लागतात. तेव्हा कड साधारण तीन मिलिमीटर सरकवावी, हात सोडावा, तीन आकडे मोजावेत आणि मग पुढे सरकवावी. दार ढकलल्यासारखी छत्री ढकलली तर उपग्रह दहा वेळा समोरून जाईल आणि क्वालिटीची पट्टी एकदाही हलणार नाही. पूर्ण फेरीत काही सापडले नाही, तर उंची दोन अंशांनी वाढवून तीच फेरी उलट्या दिशेने करावी, मग मूळ आकड्याच्या दोन अंश खाली येऊन पुन्हा एक.

क्वालिटी उसळली की तिथेच थांबून बोल्ट आवळण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तुम्ही बहुधा नजरेच्या काठावर आहात, मध्यावर नाही. छत्री पूर्वेकडे हळूहळू नेत जिथे क्वालिटी ढासळते तिथे नळीवर पेन्सिलने खूण करावी. मग दक्षिणेकडे नेत ढासळते तिथे दुसरी. या दोन खुणांच्या बरोबर मधे छत्री ठेवावी. चाळीस मिलिमीटरच्या नळीवर या खुणांमधले अंतर जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते, म्हणून पेन्सिल नीट टोकदार करून घ्यावी. हीच रीत उंचीसाठीही वापरावी. स्वच्छ उन्हात काठावरची छत्रीही सुंदर चित्र देते. तिचा काठ कळतो तो आषाढात.

यानंतर एलएनबीची पाळी. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्यामुळे त्याच्या लहरी आपल्यापर्यंत तिरप्या होऊन पोहोचतात, म्हणून एलएनबी पकडीत अगदी सरळ बसवला की काम झाले असे होत नाही. पकडीचा स्क्रू सैल करून एलएनबी स्वतःभोवती आधी डावीकडे आणि मग उजवीकडे, पाच-पाच अंशांनी फिरवावा आणि क्वालिटी सर्वांत वर जाईल तिथे ठेवावा. पकडीत तो थोडा पुढे-मागे करूनही पाहावा. या एवढ्याशा फिरवण्याने क्वालिटी ५५ वरून ७० पार गेलेली मी पाहिली आहे.

शेवटचे आवळणे हेही कौशल्याचे काम आहे. एक बोल्ट एकदम पूर्ण आवळला तर तो छत्रीला आपल्याकडे ओढतो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळावेत आणि दर वेळी क्वालिटी विचारावी.

बाजारात शिट्टी वाजवणारे एक स्वस्त मीटर मिळते. ते एलएनबी आणि बॉक्सच्या मधे जोडले की सिग्नल वाढेल तशी शिट्टी चढत जाते. ते वापरायला हरकत नाही, पण ते कोणत्याही उपग्रहाला पाहून तितक्याच उत्साहाने शिट्टी वाजवते, आणि ९५ अंशांवरचा उपग्रह आपल्या उपग्रहापासून केवळ दीड अंश दूर आहे. मीटरची शिट्टी कळसाला पोहोचलेली असताना क्वालिटी शून्य असेल, तर छत्री किंचित दक्षिणेकडे, म्हणजे छत्रीच्या पाठीमागे उभे राहिल्यास उजवीकडे, न्यावी.

सर्व आवळून झाल्यावर ऑटो स्कॅन किंवा ब्लाइंड स्कॅन करावा. यादीत डीडी नॅशनल, डीडी न्यूज आणि सह्याद्री आले की काम झाले. पुढे एखादी वाहिनी अचानक नाहीशी झाली आणि बाकीच्या ठीक असल्या, तर छत्रीला हात न लावता आधी पुन्हा स्कॅन करावा. वाहिनी दुसऱ्या जागी गेलेली असते किंवा सेवेतूनच गेलेली असते.

पुढची देखभाल

दुसऱ्या टीव्हीसाठी वायरीला फाटा काढू नये. दोन बॉक्स एकाच एलएनबीला वेगवेगळे व्होल्ट पाठवू लागले की कधी या खोलीत, कधी त्या खोलीत वाहिन्या गायब होतात. दोन तोंडांचा एलएनबी घेऊन प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर ओढावी.

मेच्या अखेरीस एकदा बोल्टांना पाना लावून पाहावा, गंज खरवडून ग्रीस लावावे आणि एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी तडकली नाही ना ते पाहावे; उन्हाने ती तडकते आणि पहिल्याच पावसात आत पाणी जाते. कोळ्याचे जाळे आणि पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्याने पुसावी, घासू नये. क्वालिटीचा आकडा आणि तारीख बॉक्सच्या तळाशी कागद चिकटवून लिहून ठेवावी. पुढे तक्रार आली की आधी तो आकडा ताडून पाहावा. आकडा तेवढाच असेल तर दोष छत्रीत नाही, बॉक्समध्ये किंवा टीव्हीच्या वायरीत आहे. आकडा घसरला असेल तर आधी जोड उघडून तांबे काळे पडले आहे का ते पाहावे, आणि मग छत्रीकडे वळावे. स्ट्रेंथसुद्धा शून्य असेल तर वायर तुटली आहे किंवा एलएनबी गेला आहे. जोराच्या पावसात दहा मिनिटे चित्र जाणे हे नव्वदच्या छत्रीलाही चुकत नाही, तेव्हा पाऊस ओसरेपर्यंत थांबावे. विजा कडाडू लागल्या की बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात.

कोकणातल्या वाचकांसाठी वानरांविषयी सांगितले पाहिजे. एलएनबीची दांडी त्यांना लोंबकळायला फार सोयीची वाटते आणि त्यावर पक्का उपाय मला सापडलेला नाही. दांडीला करवंदीच्या काटेरी फांद्या बांधल्या तर ती काही दिवस दूर राहतात. तोवर नळीवरच्या त्या दोन खुणा खिळ्याने कोरून पक्क्या करून ठेवाव्यात, म्हणजे वानरांनी फिरवलेली छत्री पाच मिनिटांत जागेवर आणता येते.